चिनी तपकिरीच्या बाटल्या: काचेवरची ती लाल नक्षी येते कुठून?

पांढुरक्या काचेची छोटीशी बाटली, जेमतेम सहा-सात सेंटीमीटर उंच, मुठीत सहज मावेल एवढी, आणि तिच्या अंगावर लालभडक मासे, कमळं, नाहीतर वळसे घेणारा ड्रॅगन. लिलाववाल्यांच्या साइटवर किंवा इन्स्टावर असे फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील. बघितल्यावर पहिला प्रश्न येतो की ही लाल नक्षी चिकटवलीय का, आणि दुसरा येतो की मग साच्यात ओतलीय का. दोन्हींचं उत्तर नाही. ही अख्खी बाटली आधी बाहेरून लाल होती. मासा जिथे हवा तिथला लाल थर ठेवला आणि बाकीचा सगळा लाल झिजवून झिजवून काढून टाकला, आतली पांढरी काच दिसेपर्यंत. म्हणजे जे तुम्हाला बॅकग्राउंड वाटतं ना, खरी मेहनत तिथे गेलीय.

हे एवढं का करायचे, कोण करायचं, काच फुटायची कशी नाही, आणि आज विकायला येणाऱ्या शंभरातल्या बहुतेक बाटल्यांमध्ये हे असं का केलेलं नसतं, ते जरा नीट बघू. पण त्याआधी तपकीर.

आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या पिढीत तपकिरीची डबी ही काही नवलाची गोष्ट नव्हती. तंबाखू वाळवून वस्त्रगाळ पूड करायची, चिमूट नाकात ओढायची, दोन सणसणीत शिंका आणि डोकं मोकळं. तंबाखू मुळात अमेरिका खंडातला, तो जगभर फिरवला तो मुख्यतः युरोपियन जहाजांनी, आणि आशियात आणण्यात पोर्तुगीज आघाडीवर होते. ब्राझीलच्या बाहियात पिकणारा तंबाखू पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला आणि मकावला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्यात, जायचा. चीनला निघालेले जेझुइट, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या एका संघाचे, पाद्रीही बऱ्याचदा याच मार्गाने, लिस्बन, गोवा, मकाव असं करत जायचे, मात्तेओ रिच्ची 1578 मध्ये गोव्यात उतरला आणि 1582 मध्ये मकावला पोचला तो तसाच. हे पाद्री पुढे गोष्टीत परत येणार आहेत म्हणून लक्षात ठेवा.

चीनमध्ये तंबाखू ओढण्यावर, म्हणजे धूर काढण्यावर, 1630 च्या दशकात मिंग दरबाराने बंदी घातली होती. ती फार टिकली नाही ते सोडा. पण तपकिरीकडे लोक वेगळ्या नजरेने बघायचे, ती औषधात गणली गेली, सर्दी, डोकेदुखी, डोळे जड होणं, सगळ्यावर उपाय. मग 1684 मध्ये छिंग घराण्याचा सम्राट कांगशी दक्षिणेच्या दौऱ्यावर नानजिंगला आला असताना दोन जेझुइटांनी त्याला भेटवस्तू दिल्या, त्याने बाकीच्या सौजन्याने परत केल्या आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. सम्राटाला आवडली म्हटल्यावर दरबाराला आवडणारच, दरबाराला आवडली म्हटल्यावर हळूहळू पैसेवाल्या सगळ्यांनाच.

युरोपात तपकीर डबीत ठेवायचे, झाकण उघडायचं आणि चिमूट घ्यायची. चीनमध्ये बाटली का? एक तर औषधाची पूड-गोळ्या छोट्या बाटलीत ठेवायची तिथली जुनीच सवय. दुसरं म्हणजे हवा दमट असली की डबीतली पूड ओल धरते आणि गोळे होतात, बाटलीला मात्र बूच घट्ट बसवता येतं. त्या झाकणाखाली बूच आणि बुचातून खाली जाणारा एक इवलासा चमचा, हस्तिदंताचा, हाडाचा किंवा बांबूचा. त्याने थोडी पूड काढायची, अंगठ्याच्या नखावर किंवा छोट्या बशीत घ्यायची आणि ओढायची. तिथल्या झग्यांना आपल्यासारखे खिसे नव्हते, त्यामुळे बाटली अस्तनीत नाहीतर कमरेच्या बटव्यात. म्हणूनच आकार चपटा, कडा गोलाई दिलेल्या, कुठे काही टोचायला नको. हातात सतत घोळवायची वस्तू आहे ही, शोकेसमधली नाही, हे डोक्यात ठेवलं की तिच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

आता काच. 1696 मध्ये कांगशीने पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, राजवाड्याचा स्वतःचा काचकारखाना काढला आणि त्यावर नेमला किलियान श्टुम्फ नावाचा जर्मन जेझुइट. हा माणूस व्युर्त्सबुर्गचा, गणित-खगोल शिकलेला, आणि काचेतलंही कळणारा. कारागीर मात्र चिनी, विशेषतः शानडोंग प्रांतातल्या बोशान गावचे, जिथे काच करण्याचा धंदा आधीपासून होता कारण गारगोटीसारखा दगड, सोरा, कोळसा सगळं आसपास मिळायचं. काही कारागीर दक्षिणेतल्या ग्वांगझोऊहून आले. म्हणजे युरोपियन रेसिपी आणि चिनी हात अशी ती जोडी जमली. सुरुवातीच्या काही वर्षांतली काच थोडी आजारीच निघाली, खरंच काचेचा आजार म्हणतात त्याला, मिश्रणात क्षार जास्त आणि चुना कमी पडला की काच हवेतली ओल धरते, घामेजते आणि कालांतराने आतून बारीक भेगांची जाळी पडते. त्या काळातल्या काही वस्तूंवर ती आजही दिसते.

पण लवकरच मिश्रण जमलं. इतकं की वांग शिझेन नावाच्या कवी-अधिकाऱ्याने 18 व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तपकिरीच्या बाटल्यांबद्दल लिहून ठेवलंय की त्या काचेच्या असतात, लाल, जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या, हिरव्या रंगांच्या, चमचा हस्तिदंताचा, राजवाड्यात बनतात, आणि बाहेरचे लोक नक्कल करतात पण त्यांना तसं जमत नाही. बघा, धंदा सुरू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती आणि नकला बाजारात!

इथे एक गोष्ट समजली नाही तर पुढचं सगळं नुसतं तंत्र वाटेल. आपल्यासाठी काच म्हणजे पारदर्शक वस्तू, खिडकी, भिंग, ग्लास. युरोपातही काचेचं कौतुक होतं ते तिच्या पारदर्शकपणाचं, व्हेनिसवाल्यांनी त्यावरच नाव कमावलं. चीनमध्ये मात्र सगळ्यात वरचा मान जेडचा, त्या हिरवट-पांढऱ्या दगडाचा, आणि काचेकडे बघण्याची नजरसुद्धा दगडाच्या बाजूने आली. काच म्हणजे असा दगड जो आपल्याला हव्या त्या रंगात बनवता येतो. त्यामुळे पेकिंगच्या काचेत आरपार दिसणाऱ्या काचेपेक्षा दाट, दुधाळ, गढूळ रंगांची चैन जास्त. जेडसारखी पांढरी, पिरोजासारखी निळी, पोवळ्यासारखी लाल, अंबरसारखी, अकिकासारखी, लाजवर्दासारखी. पिवळी काच तर राजघराण्याच्या रंगाची म्हणून खास.

यातली मला सगळ्यात आवडणारी म्हणजे मनशिळीची नक्कल. मनशीळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं ते केशरी-लाल खनिज, दिसायला जबरदस्त पण विषारी, आणि वर उजेडात ठेवली की हळूहळू पिवळी पडून तिचा भुगा होतो. म्हणजे नाकात ओढायच्या गोष्टीसाठी यापेक्षा वाईट डबी सापडणार नाही! मग काचेत लाल, केशरी, पिवळे पट्टे आणि ढग असे घोळवायचे की हुबेहूब मनशीळ दिसेल पण ना विष ना भुगा. हे फसवायला केलेलं नव्हतं बरं का, घेणाऱ्याला माहीत असायचं की काच आहे, कौतुक त्याचंच होतं.

तर काच जर दगड, तर मग ती कोरणार कोण? काचवाला नाही, जेड कोरणारा. सगळी मेख इथे आहे. काचवाला भट्टीपाशी गरम काचेशी खेळतो, फुंकतो, ओढतो, चिमटतो, आणि त्याचं काम काही मिनिटांत संपतं कारण काच थंड व्हायला लागते. चीनमध्ये त्याचं काम अर्ध्यावरच संपायचं. तो एक जाड, ओबडधोबड, दोन थरांची बाटली बनवून द्यायचा आणि मग ती थंड झालेली वस्तू दगडकामाच्या बाकावर जायची, जिथे घाई नावाचा प्रकारच नाही.

आधी भट्टीकडचं बघू. नळीच्या टोकाला पांढऱ्या वितळलेल्या काचेचा गोळा घेतात, थोडा फुंकतात, आणि तो बुडवतात दुसऱ्या भांड्यातल्या लाल वितळलेल्या काचेत. बाहेरून लाल थर बसतो. मग परत तापवून, फुंकून, दाबून बाटलीचा चपटा आकार देतात. ऐकायला सोपं, पण प्रत्येक काच थंड होताना आकसते आणि प्रत्येक मिश्रणाचं आकसणं वेगळं. आतली काच जास्त आकसली आणि बाहेरची कमी, तर दोघींची ओढाताण होऊन बाटली तडकते, कधी लगेच, कधी चार दिवसांनी, कधी कोरायला घेतल्यावर, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे रंग वेगळे पण आकसणं जवळपास सारखं अशी मिश्रणं जुळवावी लागतात, आणि तेव्हा हे मोजायचं कसलंही यंत्र नाही, फक्त अनुभव. शिवाय बाटली थंडही हळूहळू करायची, नाहीतर आत ताण राहून जातो.

लाल रंगाचंही वेगळं प्रकरण आहे. तो माणकासारखा लाल येतो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी. काचेत सोनं अगदी किंचित घालायचं, काच आधी जवळजवळ बिनरंगी दिसते आणि परत तापवल्यावर लाल फुलते. युरोपात हे तंत्र 17 व्या शतकाच्या उत्तरार्धात जमायला लागलं होतं, आणि पेकिंगला ते पाद्र्यांच्या मार्फत आलं असं अभ्यासक मानतात. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्या आणि पिरोजी छटांसाठी तांबं. पांढऱ्या काचेत कधी कधी मुद्दाम बारीक पांढरे कण आणि बुडबुडे ठेवलेले असतात, भुरभुर बर्फ पडल्यासारखे, त्याला हिमकणी काच म्हणू या, आणि तिच्यावर लाल नक्षी असली की जुने कलेक्टर लगेच जवळ येऊन बघतात.

बाटली थंड झाली की मग खरी मजा. इथे एक गैरसमज काढू, 'कोरलेली काच' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर छिन्नी किंवा सुरी येते. काचेला छिन्नी लावली तर कपचा उडेल, संपलं. काच कापत नाहीत, झिजवतात. आणि झिजवते ती लोखंडाची चकती नाही, चकतीवर लावलेली ओली वाळू. खनिजांच्या कठीणपणाची जी मोह्सची स्केल आहे तिच्यावर काच साधारण साडेपाच, क्वार्ट्झची वाळू 7, गार्नेट 7 च्या थोडं वर, आणि कुरुंद 9. जास्त कठीण वस्तू कमी कठीण वस्तूला ओरखडते, एवढंच साधं तत्त्व. चकतीचं काम फक्त त्या वाळूला काचेवर घासत ठेवणं.

बाक असा असायचा: लाकडी चौकट, तिच्यात आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला चकती, आणि दांड्याला गुंडाळलेल्या पट्ट्याची दोन टोकं खाली दोन पायट्यांना बांधलेली. डावा पाय दाबला की दांडा एका बाजूला फिरतो, उजवा दाबला की उलट्या. म्हणजे चकती सलग गोल फिरत नाही, पुढे-मागे, पुढे-मागे. एका हाताने बाटली चकतीखाली धरायची, दुसऱ्याने ओली वाळू लावत राहायची, पाय चालूच. 1891 मध्ये पेकिंगच्या जेडकामाची पायरी-पायरीची चित्रं काढली गेली होती त्यात हा बाक अगदी स्पष्ट दिसतो. चकत्या वेगवेगळ्या, मोठी ढोबळ कामाला, मग छोट्या, मग खिळ्याच्या डोक्याएवढ्या, माशाचे खवले आणि पानाच्या शिरा काढायला.

लग्नाच्या रिसेप्शनला सॅलडच्या टेबलावर कोरलेलं कलिंगड ठेवतात ना, वर हिरवी साल, तिच्याखाली पांढरट, त्याखाली लाल, आणि कोरणारा किती खोल जातो त्यावर कुठला रंग दिसेल ते ठरतं. अगदी हाच हिशोब, फक्त इथे साल मिलिमीटरच्या मापातली आणि काचेची, एक चूक झाली की परत लावता येत नाही.

चांगला कारागीर ओळखायचा कसा, तर नक्षीकडे नंतर बघा, आधी रिकाम्या जागेकडे बघा. लाल थर काढल्यावर खाली जी पांढरी पृष्ठभूमी उघडी पडते ती बाटलीच्या गोलाईबरोबर एकसंध वळत गेली पाहिजे. नक्षीच्या कडेला खड्डा नको, मधे टेकाड नको, उजेडात तिरकी धरली की लाटा दिसायला नकोत. विचार करा, माशाचं शेपूट आणि पाणवनस्पती यांच्या मधल्या तांदळाएवढ्या जागेतसुद्धा तीच पातळी राखायची, जिथे चकती धड फिरतही नाही. आणि मग ते सगळं पॉलिश करायचं. बहुतेक लोक ड्रॅगनची नखं मोजत बसतात, आणि खरी परीक्षा त्या मोकळ्या पांढऱ्या जागेत असते.

हेच कारागीर अकिकाच्या बाटल्याही करायचे. अकिकात निसर्गतःच कधी कधी वेगळ्या रंगाचा थर किंवा डाग असतो, मग त्या डागाचा माकड करायचा, पक्षी करायचा, जे सुचेल ते. त्यात नशिबाचा भाग मोठा, दगड जे देईल ते घ्यायचं. काचेत तो रंगीत थर ऑर्डर देऊन बनवता येतो, हवा तिथे, हव्या त्या रंगाचा. शिवाय दगड आतून पोकळ करणं हे भयंकर किचकट काम, एवढ्याशा तोंडातून वाकडी हत्यारं घालून आतला दगड झिजवत बसायचं, काचेची बाटली मात्र फुंकतानाच पोकळ झालेली. त्यामुळे या बाटल्यांसाठी काचेची इतकी चलती झाली यात नवल नाही.

रंग एकच असायला पाहिजे असंही नाही. एक पद्धत म्हणजे थरावर थर, पांढऱ्यावर हिरवा, हिरव्यावर लाल, मग कमी-जास्त खोल जाऊन तीन रंग काढायचे. दुसरी पद्धत जास्त हुशारीची: गरम असतानाच बाटलीच्या अंगावर वेगवेगळ्या रंगांचे गोळे शेजारी शेजारी चिकटवायचे, इथे लाल, तिथे हिरवा, वर निळा, पिवळा, आणि थंड झाल्यावर लाल गोळ्यातून फूल, हिरव्यातून पान, निळ्यातून फुलपाखरू काढायचं. सगळे रंग एकाच पातळीवर. अशा पाच-सहा रंगांच्या बाटल्या चिक्कार दिसतात, काही सुंदर, काही जत्रेतल्यासारख्या भडक, माझं मत विचाराल तर एकरंगीच बऱ्या.

ही कल्पना फक्त चिन्यांची असं मात्र नाही. रोमन लोकांनी असंच निळ्यावर पांढरा थर देऊन कोरकाम केलं होतं, ब्रिटिश म्युझियममधलं पोर्टलँड फुलदान त्यातलंच, आणि गंमत म्हणजे त्यांच्यासमोरही आदर्श होता तो थरांच्या रत्नांवर कोरलेल्या चित्रांचाच. नंतर उलटा प्रवासही झाला, फ्रान्समधला नान्सीचा काचकलाकार एमिल गाले 1885 मध्ये बर्लिनला जाऊन चिनी काचेचा संग्रह बघून आला आणि त्याच्या पुढच्या कामात ते थर, ते झिजवणं स्पष्ट दिसतं. फक्त युरोपियन लोक बराचसा थर ॲसिडने खाऊन टाकायचे आणि शेवटची सफाई चाकाने. चिनी बाटलीत सगळं चाकावर.

चित्रं कसली असायची हे पटकन सांगतो, कारण यावर इंटरनेटवर ढीगभर मिळेल. बरीचशी शुभचिन्हं उच्चाराच्या खेळावर बेतलेली, आपल्याकडे वटवाघूळ घरात आलं तर आजी घर डोक्यावर घेईल, तिथे त्याचा उच्चार 'फू', भाग्याचाही 'फू', म्हणून बाटलीवर पाच वटवाघळं आनंदाने उडत असतात. मासा म्हणजे भरभराट, पीच म्हणजे दीर्घायुष्य, डाळिंब म्हणजे भरपूर मुलंबाळं. आणि बिनशिंगाचे, वेलीसारखे वळणारे ड्रॅगन तर सगळीकडेच. भेट द्यायची वस्तू होती ही, आणि सम्राटांनीही मोठ्या संख्येने वाटल्या, म्हणून प्रत्येक चित्रात काहीतरी शुभेच्छा दडलेली.

राजवाड्याच्या कारखान्याचा सुवर्णकाळ 18 व्या शतकाच्या मध्यापर्यंतचा, योंगझेंग आणि मग छ्यानलोंग या सम्राटांचा. 1740 च्या दशकात द ब्रोसार आणि दँकारव्हिल असे दोन फ्रेंच जेझुइट कारखान्याला येऊन मिळाले, ते गेल्यावर तिथला जोर ओसरला. पण तोवर कसब बाहेर पसरलं होतं. 19 व्या शतकात यांगझोऊ शहराशी जोडली जाणारी एक वेगळीच शैली आली, हे शहर म्हणजे मिठाचे गर्भश्रीमंत व्यापारी आणि त्यांच्या पैशावर जगणारे चित्रकार-कवी. तिथल्या बाटल्यांवर नक्षी खूप उथळ, नाजूक, शाईच्या चित्रासारखी, सोबत कवितेची ओळ, आणि कोपऱ्यात कोरलेला शिक्का. त्यावरून तिला शिक्क्यांची शैलीच म्हणतात. जोरदार उठाव नाही, लाल-लाल आरडाओरडा नाही. काहींवर चक्क साल असतं, पण ते साठ वर्षांच्या चिनी चक्रातलं, म्हणजे तेच नाव दर साठ वर्षांनी परत येणार, त्यामुळे 1820 की 1880 हे शेवटी काच आणि हात बघूनच ठरवायचं.

बाटलीच्या आतून चित्र काढलेल्या ज्या असतात त्या वेगळ्या हां, दोन्हींची गल्लत फार होते. त्यात बाटली साधी पारदर्शक, आतला पृष्ठभाग घासून खरखरीत केलेला, आणि वाकड्या टोकाच्या बारीक कुंचल्याने तोंडातून आत उलटं चित्र काढायचं. ही कला 19 व्या शतकातली, त्या शतकाच्या अखेरीला पेकिंगमध्ये झोऊ लयुआन, मा शाओश्वान, ये झोंगसान असे नावाजलेले लोक होते, आणि हबेई प्रांतातल्या हंगश्वेईमध्ये आजही जोरात चालते. कमाल कसब आहे, पण त्यात तपकीर भरली तर चित्राची वाट लागणार, म्हणजे ती बघायचीच वस्तू.

आता खऱ्या-खोट्याकडे. आधी एक वास्तव, जुन्या बाटल्यांपैकी बहुतेकांवर नाव नाही, तारीख नाही. म्हणून लिलावाच्या कॅटलॉगमध्ये '1750 ते 1850' असलं शंभर वर्षांचं मोघम लिहिलेलं दिसतं, ती टाळाटाळ नसून प्रामाणिकपणा आहे. उलट तळाला छ्यानलोंगचा शिक्का ठसठशीत असेल तर जास्त सावध व्हा, कारण तो शिक्का नंतरच्या लोकांनी आदराने, सवयीने आणि अर्थातच फसवायलाही वाट्टेल तिथे मारलाय.

साच्यातली स्वस्त बाटली ओळखणं त्यामानाने सोपं. भिंग घ्या, मोबाइलचा झूमही चालेल. साच्यातल्या नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या मऊ असतात, खवले-शिरा एकसारख्या खोलीच्या, आणि बाजूने साच्याच्या जोडाची रेघ दिसते, नाहीतर ती घासल्याची खूण. झिजवून काढलेल्या नक्षीत कडा धारदार पण हाताला न बोचणाऱ्या, कोपऱ्यात चकतीच्या बारीक खुणा, आणि दोन माशांपैकी एकही दुसऱ्यासारखा नाही. लाल आणि पांढऱ्याच्या सीमेकडे नीट बघा, दोन्ही काचा गरम असतानाच एकजीव झालेल्या असल्याने मधे फट, डिंकाची पिवळट रेघ किंवा रंग उडालेला टवका असता कामा नये. लाल रंग नखाने निघाला तर काय समजायचं ते समजा.

खरा त्रास होतो तो चाकावरच कोरलेल्या नव्या बाटल्यांचा. बोशानमध्ये काचेचा धंदा आजही आहे, चाकं आता विजेवर चालतात, थरांची काच तशीच, कोरणंही खरंच. ती बाटली नकली म्हणावी का? नवी म्हणून विकली तर अजिबात नाही, चांगलं काम आहे. जुनी म्हणून विकली तर मात्र फसवणूक. इथे मग बारकाव्यांवर यावं लागतं: तळाच्या कडेवर वापराचे वेडेवाकडे ओरखडे आहेत की मुद्दाम एकाच दिशेने घासलंय, उंच भागांची चमक पिढ्यानपिढ्या हातात फिरून मऊ झालीय का, मोकळी जागा किती समतल आहे. घाईत विजेच्या चाकावर केलेल्या कामात त्या मोकळ्या जागेतच लाटा सापडतात, तीच परीक्षा इथेही उपयोगी पडते. आतमध्ये जुनी तपकीर चिकटलेली दिसली म्हणून भाळू नका, पूड भरायला काय लागतं!

भावाचं म्हणाल तर अंतर प्रचंड आहे. 2011 मध्ये हाँगकाँगला बॉनहॅम्सच्या लिलावात मेरी आणि जॉर्ज ब्लॉक संग्रहातली छ्यानलोंग काळातली एक काचेची बाटली अडीच कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली होती. पण ती कोरलेली नव्हती, काचेवर मिन्याने रंगवलेली, राजवाड्यातली, आणि तसल्या जगात मोजक्याच. चांगल्या कोरीव बाटल्या त्यामानाने खूपच खाली असतात, आणि ऑनलाइन हजार-दोन हजार रुपयांत 'अँटिक' म्हणून येते ती काय असेल हे आता वेगळं सांगायला नको.

विकत घ्यायच्या आधी, किंवा न घेताही, बऱ्याच बघा. बीजिंग आणि तैपेई इथली दोन्ही राजवाडा संग्रहालयं, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन यांनी खूप बाटल्यांचे मोठे फोटो ऑनलाइन टाकलेत. आपल्या जवळचं म्हणजे हैदराबादचं सालारजंग, तिथल्या चिनी संग्रहात तपकिरीच्या बाटल्या आहेत. काचेच्या पेटीसमोर उभं राहून थोडं खाली वाकायचं आणि तिरक्या उजेडात मोकळी पांढरी जागा बघायची, बाजूचे लोक ड्रॅगन बघत असतील, बघू देत.

आणि परदेशातून मागवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या, झाकणाखालचा तो इवलासा चमचा कशाचा आहे. जुन्या बाटल्यांत तो सर्रास हस्तिदंताचा असतो, आणि हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, 1991 च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकन हत्तीचासुद्धा चालत नाही. बाटली काचेची असली तरी तेवढ्या काडीवरून पार्सल अडकू शकतं. विकणाऱ्याकडून चमच्याचा वेगळा फोटो मागवा, हाड आहे की हस्तिदंत हे लेखी घ्या, नाहीतर सरळ चमचा काढूनच पाठवायला सांगा. अनेक जुन्या बाटल्यांचं झाकण-चमचा तसंही मूळचं नसतं.